पेशी जगवायला शिका, मग सर्किट

महापेच्या लॅबमध्ये रुजू झाले तेव्हा माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची. जिवंत पेशींचा बायोसेन्सर, म्हणजे पेशींच्या विजेच्या सिग्नलवरून औषधाचा परिणाम ओळखणारं साधन, म्हटल्यावर अँप्लिफायर हाती येईल असं वाटलं होतं. मॅडमनी तीन महिने कल्चर रूममध्येच, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीत, ठेवलं. तेव्हा फार जिवावर आलं. आता नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच करायला सांगते.

कारण हा सेन्सर मरतो. 37 अंश तापमान, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, वेळच्या वेळी मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलणं, यात सुट्टी नाही. मीडियम लालसर असेल तोवर ठीक. पिवळं पडलं की आम्लता वाढली समजा. आणि नवी मुंबईचा पावसाळा! एका सोमवारी सहाही डिशमध्ये पांढरे तंतू दिसले. बुरशी. सगळं फेकून इन्क्युबेटर घासत बसलो.

आम्ही कोंबडीच्या गर्भाच्या हृदयपेशींवर हात बसवला. काचेच्या चिपवर केसाहून बारीक 60 इलेक्ट्रोड, त्यांवर पेशींचा थर. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं, तर इथे एक पुंजका आकसतोय, तिथे दुसरा, ज्याचा त्याचा ठेका वेगळा. पेशी एकमेकींना भिडल्या तसा सगळा थर एका ठेक्यात धडधडू लागला. ते पाहताना अंगावर काटा आला.

संगणकाच्या पडद्यावर मात्र नुसती जाड लाट. पेशीच्या आवरणावर व्होल्टेज साधारण 100 मिलिव्होल्टने बदलतं, पण बाहेरच्या इलेक्ट्रोडपर्यंत त्यातले जेमतेम काहीशे मायक्रोव्होल्ट पोचतात. त्यावर आपल्या विजेचा 50 हर्ट्झचा गोंगाट सहज बसतो. दर 20 मिलिसेकंदांनी तोच उंचवटा आला तर तो पेशींचा नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. दोन दिवस आम्ही एकेक प्लग काढत गेलो. टेबलाखालच्या एक्स्टेंशन बोर्डाचं अर्थिंग सुटलेलं निघालं. ते जोडलं, रेघ खाली बसली आणि ठोके दिसले.

या खटाटोपाचं मोल मोठं आहे. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचं औषध हृदयाची लय बिघडवतं म्हणून 1990च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारातून गेलं. ते पेशीतून बाहेर पडणाऱ्या पोटॅशियमची वाट अडवतं, म्हणून प्रत्येक ठोक्याचा विजेचा सिग्नल लांबतो. असा धोका आता माणसाच्या स्टेम सेलपासून बनवलेल्या हृदयपेशींवर, सिग्नल किती लांबला ते मोजून, आधीच तपासता येतो.

म्हणूनच घाईने निष्कर्ष काढू नका. माझ्या पहिल्या चाचणीत औषध घालताच ठोके मंदावले, मी आनंदाने वहीत नोंदही केली. मॅडमनी बाटलीला हात लावून पाहिला. मीडियम फ्रीजमधून काढून तसंच गार घातलं होतं. तेव्हापासून शेजारी एक डिश बिनऔषधाची असते, आणि तिलाही तेच मीडियम, तितकंच कोमट.