कप्पे कोरलेली हलकी इलेक्ट्रिक गिटार: बॉडी कशी घडवावी आणि आवाजात काय बदलते

इलेक्ट्रिक गिटारची बॉडी आतून कोरण्याचे मुख्य कारण वजन हे आहे. आवाजातला फरक हा त्याच्यामागून येणारा परिणाम आहे. हा क्रम मनात पक्का असला की पुढचे निर्णय सोपे जातात. ग्रेच कंपनीने १९५३ मध्ये आणलेल्या ड्युओ जेट गिटारची बॉडी बाहेरून भरीव दिसत असली तरी आत कप्पे होते. फेंडरने १९६८ मध्ये टेलिकास्टर थिनलाइन काढली, तीही हलके अ‍ॅश लाकूड मिळणे कठीण होऊ लागल्यामुळे. पुढे गिब्सननेही आपल्या लेस पॉल गिटारच्या बॉडीत आधी गोल छिद्रे पाडून आणि नंतर मोठे कप्पे कोरून वजन उतरवले. आपल्या बेळगाव भागात गणेशोत्सवातल्या किंवा लग्नसराईतल्या वाद्यवृंदात तीन-तीन तास उभे राहून वाजवणाऱ्याला अर्ध्या किलोचा फरक खांद्यावर लगेच जाणवतो.

लाकडापासून सुरुवात करू. वखारीत सागवान सहज मिळते आणि सुतारही तेच सुचवतो. परंतु सागाचे वजन घनमीटरला साधारण ६५० किलो भरते, तर शिवण या झाडाच्या लाकडाचे ५०० किलोच्या आसपास असते. टेलिकास्टरच्या आकाराच्या, ४४.५ मिलिमीटर जाडीच्या भरीव बॉडीचे आकारमान सुमारे ४१०० घनसेंटिमीटर धरले, तर सागाची बॉडी २.७ किलोच्या आसपास भरते आणि शिवणीची दोन किलोच्या थोडी वर जाते. त्यात ३०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचे आणि ३.२ सेंटिमीटर खोलीचे कप्पे कोरले, तर सागातून सुमारे ६२० ग्रॅम आणि शिवणीतून ४८० ग्रॅम लाकूड निघते. म्हणजे कोरलेला साग आणि भरीव शिवण जवळजवळ एकाच वजनावर येतात. माझे मत शिवणीच्या बाजूने आहे: ती फारशी वाकत-पिळत नाही, पटाशीला नरम लागते आणि डिंक चांगला धरते. सागात तेल असल्यामुळे जोड लावण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावा लागतो.

लाकूड वाळलेले आहे की नाही, हे व्यापाऱ्याच्या शब्दावर सोडू नये. खानापूरकडच्या पावसात आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत एकाच फळीची रुंदी बदलते. फळी घरात हवेशीर ठेवून दर आठवड्याला वजन करावे आणि वजन उतरायचे थांबले की कामाला घ्यावी. झाकणाची फळी त्याच लाकडाची असावी व तिच्या रेषा बॉडीच्या रेषांना समांतर ठेवाव्यात, म्हणजे दोन्ही सारख्या फुगतील आणि आकसतील. झाकण चिकटवण्याचे काम जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो करू नये.

आता आखणी. पहिल्या गिटारसाठी कप्पे मागच्या बाजूने कोरून मागून पातळ झाकण बसवणे उत्तम, कारण त्यामुळे गळा बसवण्याचा खाचा, पिकअप (तारेचे कंपन टिपणारे चुंबक) आणि ब्रिज (तारा टेकतात ती पट्टी) हे सगळे एकाच अखंड लाकडात राहतात. मधोमध गळ्यापासून शेपटीपर्यंत किमान १०० मिलिमीटर रुंदीचा भरीव पट्टा सोडावा. गळ्याचा खाचा साधारण ५६ मिलिमीटर आणि ब्रिजची पट्टी ८० मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, त्यामुळे यापेक्षा अरुंद पट्ट्यात स्क्रूंना पकड उरत नाही. बाहेरच्या कडेची भिंत कुठेही १२ मिलिमीटरपेक्षा पातळ नसावी. खांद्याच्या पट्ट्याची बटणे आणि जॅक (वायर जोडण्याचे भोक) जिथे येणार तिथेही भरीव लाकूड राखावे, आणि समोरून कोरल्या जाणाऱ्या कंट्रोलच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांच्या) खाचेपासून कप्पा लांब ठेवावा. पोटाच्या बाजूला उतार द्यायचा असेल, तर त्या भागात कप्पा कोरूच नये, नाहीतर घासता घासता पटाशी आत उतरते.

कोरण्यासाठी एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) साचा करावा. दरवाजे आणि देवघरे कोरणाऱ्या सीएनसी राउटरवाल्याकडून (राउटर म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारे यंत्र; सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारे) तो कापून घेतला तर कडा अचूक मिळतात. मागून कोरताना डावे-उजवे उलटते, म्हणून साच्यावर 'मागची बाजू' असे ठळक लिहून ठेवावे. ३८.५ मिलिमीटर जाडीच्या फळीत कप्पा ३२ मिलिमीटर खोल न्यावा, म्हणजे समोर ६.५ मिलिमीटर लाकूड शिल्लक राहते. त्यावर ६ मिलिमीटरचे झाकण बसले की एकूण जाडी ४४.५ भरते. आधी मोठ्या फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचे छिद्र पाडणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) खोलीची खूण ठेवून बहुतेक लाकूड काढावे, मग राउटर एका वेळी ३ ते ४ मिलिमीटर खाली उतरवावा आणि आतल्या कडेने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा. कप्प्याचे कोपरे गोल ठेवावेत. काटकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते. भुसा बारीक उडतो, म्हणून मास्क लावूनच काम करावे.

झाकण लावण्यापूर्वी तारांच्या वाटा काढून ठेवाव्यात, कारण नंतर आत पोहोचण्याचा मार्ग उरत नाही. कप्प्यांच्या आतल्या बाजूंना चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन पातळ हात द्यावेत, त्यामुळे दमट हवा लाकडात सावकाश शिरते; मात्र ज्या कडांवर झाकण चिकटणार तिथे चपडा लागू देऊ नये. बाह्य आकार कापण्यापूर्वीच झाकण लावावे: चौकोनी फळीच्या टाकाऊ कोपऱ्यांत लाकडी खुंट्या बसवल्या की डिंक ओला असताना झाकण सरकत नाही. मध्यरेषा फळीच्या दोन्ही टोकांवर उतरवून घ्यावी. शिकंजे दर ५ ते ७ सेंटिमीटरवर लावावेत, खाली-वर जाड पाट्या द्याव्यात आणि २४ तास हात लावू नये. त्यानंतर आकार कापून गळ्याचा खाचा १६ मिलिमीटर खोल कोरावा.

आवाजाबद्दल बरेच अलंकारिक बोलले जाते. मिरजेच्या तानपुऱ्यात तारेची ऊर्जा घोडीतून तबलीत जाते आणि भोपळा तो नाद मोठा करतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये चुंबकीय पिकअप तारेचे कंपन थेट टिपतो, त्यामुळे कप्प्यातली हवा अ‍ॅम्पपर्यंत, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रापर्यंत, फारशी पोहोचत नाही. बॉडी हलकी व लवचीक झाली की काही वारंवारतांवर ती तारेची ऊर्जा अधिक ओढते. गिटार यंत्राला न जोडता वाजवल्यास आवाज मोठा येतो, स्वच्छ ध्वनीत तार छेडतानाचा आघात किंचित मऊ वाटतो, आणि काही स्वर थोडे लवकर विरतात. पिकअप, तारांची उंची आणि ब्रिज यांनी पडणारा फरक याहून बराच मोठा असतो. मोठ्या आवाजात आणि जास्त गेनवर (संकेत फार वाढवून) वाजवताना मात्र पोकळ भाग घुमू लागू शकतो. बंद कप्प्यांत हा त्रास कमी होतो. समोरच्या बाजूला कोरलेले एफ-होल (इंग्रजी f च्या आकाराचे छिद्र) दिसायला सुंदर असले तरी स्टेजवर रॉक वाजवणाऱ्याने ते टाळावे, किंवा कप्प्यात फोमचा तुकडा घालण्याची सोय ठेवावी.

बॉडी हलकी झाली की गिटारचे डोके खाली झुकू लागते. वरच्या बाजूचे पट्ट्याचे बटण जितके बाराव्या फ्रेटकडे सरकवता येईल तितके सरकवावे, तारा ताणणाऱ्या हलक्या कळा निवडाव्यात आणि रंग देण्यापूर्वी गळा, कळा व ब्रिज तात्पुरते बसवून गिटार पट्ट्यावर टांगून पाहावी. तेव्हाही डोके झुकत असेल, तर खडबडीत कातड्याचा रुंद पट्टा वापरावा. तो खांद्यावर सरकत नाही.