कमाई घटली की कात्री भलत्याच जागी लागते: या चुका टाळा

नोकरी गेली, पगार कापला गेला किंवा दुकानाचा गल्ला बसला की घरात पहिली कात्री लागते ती दुधाला, पेपरला आणि मुलांच्या क्लासला. महिन्याचे दीड-दोन हजार वाचतात. त्याच महिन्यात क्रेडिट कार्डाच्या व्याजात चार हजार जातात, आरोग्य विम्याचा हप्ता राहून जातो आणि गृहकर्जाच्या बँकेला कुणी काही कळवलेलंच नसतं. हिंजवडी-खराडीतली आयटीवाली घरं असोत की चाकण-भोसरीतल्या कंत्राटी कामगारांची, गोष्ट बहुतेक वेळा हीच असते. काटकसर सगळेच करतात. घर बुडतं ते पैसे चुकीच्या क्रमाने भरल्यामुळे आणि बोलायला उशीर केल्यामुळे.

घरात न सांगणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवतो, कारण पुढच्या निम्म्या चुका हिच्यातूनच निघतात. नोकरी गेलेला माणूस महिना-दोन महिने डबा घेऊन रोजच्या वेळेला बाहेर पडतो. बायकोला टेन्शन नको, गावी आई-बाबांना कळायला नको. मग घरखर्च पूर्वीसारखाच चालतो, सुट्टीत कोकणातलं बुकिंगही होतं आणि तूट भरायला पर्सनल लोन घेतलं जातं. बायकोच्या नावावरची जुनी पोस्टातली ठेव किंवा सासऱ्यांनी देऊ केलेली बिनव्याजी मदत या काळात जागच्या जागी पडून राहते.

पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकत्र बसावं. हातात किती आहे, दर महिन्याला काय भरावंच लागतं आणि काय थांबवता येतं, एवढं कागदावर लिहिलं तरी पुरे. दहावी-बारावीतल्या मुलांनाही सांगा. ती आपण समजतो त्यापेक्षा बरीच समजूतदार असतात.

हप्ता चुकल्यावर बँकेत जाणं

"अहो, आधीच जाऊन काय सांगायचं? बघू पुढच्या महिन्यात," हे वाक्य फार महागात पडतं. हप्ता चुकण्याआधी लेखी अर्ज घेऊन गेलात, तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा विषय बँकेशी बोलता येतो. मान्य करणं बँकेच्या हातात असलं तरी तेव्हा तुमचा रेकॉर्ड स्वच्छ असतो, ही मोठी गोष्ट आहे. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्जांच्या यादीत जातं. त्यानंतर घर तारण असलेल्या कर्जात बँक ६० दिवसांची नोटीस देऊन जप्तीच्या वाटेला लागू शकते. तेव्हाची बोलणी अगदी वेगळ्या सुरात होतात.

अर्जासोबत कंपनीचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि सध्या किती भरू शकता तो आकडा द्या. पोच घ्यायला विसरू नका.

हप्ते काही महिने पुढे ढकलण्याची सवलत मिळाली, तर ती फुकट समजू नका. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्टच्या मोरॅटोरियममध्ये अनेकांचा हाच गैरसमज झाला होता. हिशेब असा: ४० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता साधारण ३४,७०० रुपये. सुरुवातीलाच तीन हप्ते पुढे ढकलले आणि हप्ता तोच ठेवला, तर एकूण हप्ते २४० वरून सुमारे २५४ होतात. तीन महिन्यांच्या श्वासाची किंमत चौदा हप्ते! पैसे खरंच नसतील तर सवलत जरूर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण नुसती सोय म्हणून घेऊ नका. आणि पुन्हा बरे दिवस आले की जादा रक्कम भरून टाका. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही.

कार्डाचं 'मिनिमम ड्यू' भरून निश्चिंत होणं

समजा कार्डावर एक लाख थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. व्याज ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये. बँकेने किमान रक्कम ५,००० मागितली आणि तुम्ही ती भरली, तर मुद्दलातून जेमतेम ८७० रुपये कमी झाले. शिवाय जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. किराणा त्याच कार्डावर भरत असाल तर डाळ-तांदूळसुद्धा व्याजाने खाताय.

म्हणून घरात मोडता येण्यासारखी एफडी असेल, तर पहिल्यांदा ती कार्डाच्या बाकीसाठी वापरा. सात टक्के मिळवणारी ठेव जपायची आणि वर्षाला चाळीस टक्के व्याज भरायचं, याला बचत म्हणता येत नाही. एफडी मोडवत नसेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. तो सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच महाग पडतो.

फोनवरचं कर्ज आणि ओळखीचा सावकार

दहा मिनिटांत पैसे देणारी काही अॅप्स फोनमधले सगळे नंबर आणि फोटो मागतात. पुढे नातेवाइकांना फोन जातात, बदनामीच्या धमक्या येतात. कर्ज कोणत्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बिगरबँक वित्तसंस्थेचं) आहे हे अॅपवर स्पष्ट दिसत नसेल, तर पैसे घेऊच नका. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. नियमित कर्जाच्या वसुलीसाठीही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. हे माहीत असलं की समोरच्याशी बोलताना आवाज कापत नाही.

'महिना पाच टक्के' हा सावकारी दर वर्षाला साठ टक्के होतो. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. कोऱ्या चेकवर आणि कोऱ्या स्टँपपेपरवर सही कुणालाही देऊ नका, तो माणूस कितीही घरोब्याचा असो.

सोनं घरात असेल तर या दोन्हींपेक्षा बँकेतलं सोनेतारण कितीतरी बरं. विकायला गेलात तर घडणावळ जाते. मात्र तारण ठेवताना व्याज दर महिन्याला भरायचं की शेवटी एकदम, हे विचारून घ्या. एकदम भरायची तारीख विसरल्यामुळे मंगळसूत्र लिलावात गेल्याचं मला माहीत आहे, आणि ते दुःख पैशात मोजता येत नाही.

विम्याचा हप्ता थांबवणं

एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) थांबवली तर चालेल, पुन्हा सुरू करता येते. आरोग्य विमा थांबवू नका. कंपनीचा मेडिक्लेम सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतो, हे अनेकांना हॉस्पिटलच्या काउंटरवर कळतं. राजीनाम्याच्या नोटीस काळातच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायचा अर्ज करा, म्हणजे आधी पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ धरला जातो. बाहेर नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. जुना आकडा मनात धरून घाबरला असाल तर हप्ता पुन्हा विचारा.

हॉस्पिटलमध्ये आधी कार्ड, मग चौकशी

पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १.८० लाख आणि दुर्बल घटकांसाठी ३.६० लाख आहे. दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आणि आधारकार्ड जवळ ठेवा. दाद मिळाली नाही तर धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तक्रार होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालयं असल्यामुळे आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही मदत मागायला संकोच वाटतो, मला कळतं. पण तो तुमचा हक्क आहे.

थोड्या जास्त व्याजासाठी सगळी ठेव एका जागी

निवृत्तीच्या पैशांवर घर चालवणाऱ्यांना व्याज कमी पडलं की पतसंस्थेचा किंवा छोट्या सहकारी बँकेचा एखादा टक्का जास्त मोहात पाडतो. पुणेकरांना हे सांगायची गरज पडू नये. रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली वर्षं ठेवीदारांनी लग्न, आजारपण, शिक्षण कसं निभावलं ते त्यांनाच ठाऊक.

बँकेतल्या ठेवीला मुद्दल आणि व्याज धरून प्रत्येक बँकेमागे एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा आहे. आधी तो एक लाख होता, फेब्रुवारी २०२० पासून पाच झाला. एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे ठेवले तरी मर्यादा एकच. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा मुळीच नाही. सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे तिथे ठेवू नका. भिशीचंही तेच: ओळखीच्या दहा बायकांची छोटी भिशी ठीक, पण पंधरा-वीस टक्के व्याजाचं आश्वासन देणाऱ्या 'स्कीम'मध्ये दमडीही घालू नका.

बारीकसारीक

विजेच्या युनिटचे टप्पे चढते असतात. टप्पा ओलांडला की सगळ्या युनिटना जादा दर लागतो हा समज चुकीचा आहे, फक्त वरच्या युनिटना लागतो. तरीही ती वरचीच युनिट सगळ्यात महाग, म्हणून गिझर-एसीवर लक्ष ठेवा. पुणे महापालिकेचा मिळकतकर मात्र मागे टाकू नका, थकबाकीवर महिन्याला दोन टक्के दंड चढतो. स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत बिलात दिसते का ते पाहा. नसेल तर पीटी-३ अर्ज भरा. मार्केट यार्डातून दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून भाजी-कांदा आणला तर फरक पडतो. एकट्या घरासाठी गोणी आणली तर निम्मा कांदा सडतो.

नोकरी बदलताना पीएफ काढून घेणं

दोन नोकऱ्यांमध्ये फट पडली म्हणून पूर्ण पीएफ काढू नका. सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. त्यासोबत पेन्शनचे पैसेही काढून घेतले, तर पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. नवी नोकरी लागली की जुनं खातं त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) वर्ग करून घ्या. मधल्या काळात अडचण फारच असेल तर पूर्ण खातं बंद न करता आजारपण किंवा शिक्षणासाठी मिळणारी अंशतः उचल घ्या. त्याआधी यूएएनला आधार, पॅन आणि चालू बँक खातं जोडलेलं आहे ना, ते आजच तपासा. नावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकानेही दावा परत येतो.