नवीन दुर्बिणीतून काहीच दिसत नाही? आधी या चुका टाळा

ओळखीच्या पाच-सहा घरांत मी हे अगदी असंच होताना बघितलंय. मुलांच्या वाढदिवसाला किंवा दिवाळीला हौसेनं दुर्बीण येते, दोन-तीन रात्री सगळे गच्चीवर जमतात, कोणालाच धड काही दिसत नाही, मग ती खोक्यात जाते आणि खोकं माळ्यावर. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेक दुर्बिणी चांगल्याच असतात, फक्त वापरायची पद्धत चुकलेली असते. इथे मी 70/700 वाली धरून लिहितोय, म्हणजे पुढचं भिंग 70 मिलिमीटरचं आणि फोकल लेंग्थ, म्हणजे भिंगापासून चित्र जिथे जुळतं तिथपर्यंतचं अंतर, 700 मिलिमीटर. माझ्याकडे हीच आहे, आणि पहिल्यांदा घेणाऱ्यांकडे बहुतेक हीच किंवा हिच्या आसपासची असते.

खोक्यावरचा 525 चा आकडा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. खोक्यावर लिहिलेलं असतं 525 पट, आणि आपण पहिल्याच रात्री तेवढंच करून बघायला जातो. हिशोब सोपा आहे, दुर्बिणीची फोकल लेंग्थ भागिले आयपीसवरचा (डोळा लावायच्या छोट्या भिंगावरचा) आकडा. 25 चा आयपीस लावला तर 28 पट, 10 चा लावला तर 70 पट, 4 चा लावला तर 175 पट, आणि त्याला 3 पट वाली बार्लो (पट वाढवणारी जादा भिंगाची नळी) जोडली की 525. गणित बरोबर आहे पण 70 मिलिमीटरचं भिंग तेवढा प्रकाश आणि तेवढे बारकावे गोळाच करू शकत नाही. साधारण नियम असा की भिंग जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट, म्हणजे आपल्याकडे फार फार तर 140 पट, आणि तेही हवा एकदम शांत असेल तेव्हा. त्याच्या वर गेलात की चित्र मोठं होतं पण अंधारं आणि पुसट, शिवाय आभाळाचा इतका छोटा तुकडा दिसतो की ग्रह सापडणंच अवघड, आणि सापडला तरी पृथ्वी फिरत असल्यामुळे मिनिटभरात तो बाहेर सरकतो.

म्हणून सरळ सांगतो, बार्लो आणि 4 चा आयपीस पहिला महिनाभर डब्यातच ठेवा. जे काही शोधायचं ते 25 किंवा 20 नं शोधायचं, मधोमध आणायचं, आणि मगच 10 चा लावायचा.

फाइंडर रात्री जुळवायला बसू नका

आमच्याकडे पहिल्या तीन रात्री मुलगी विचारत होती, बाबा गुरू कुठाय, आणि मी वरच्या छोट्या फाइंडरमध्ये, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीत, गुरू बरोबर मधल्या फुलीवर, म्हणजे क्रॉसवर, आणून तिला बोलवायचो तर मोठ्या नळीत नुसता काळोख. फाइंडर आणि मुख्य नळी दोघं वेगवेगळीकडे बघत होते, एवढंच झालं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी उजेड असताना गच्चीवरून लांबचा मोबाइल टॉवर धरला. आधी 25 चा आयपीस लावून टॉवरचं टोक मुख्य नळीत मधोमध आणलं आणि स्टँडचे स्क्रू घट्ट केले, मग नळीला धक्का न लावता फाइंडरचे स्क्रू एक सैल एक घट्ट असं करत तेच टोक क्रॉसवर आणलं, मग 10 चा आयपीस लावून परत एकदा तेच. दहा मिनिटांचं काम. त्या रात्री गुरू पहिल्या झटक्यात सापडला आणि त्याच्या शेजारी एका ओळीत चार ठिपके. गॅलिलिओनं जानेवारी 1610 मध्ये पाहिलेले तेच चार चंद्र. मुलीनं वहीत गोल काढून ठिपके मांडले, दुसऱ्या दिवशी परत बघितलं तर ठिपक्यांच्या जागा बदललेल्या, तर ती ओरडलीच, बाबा हे हलतायत! त्यानंतर आठवडाभर वहीचं पान रोज भरत होतं.

टॉवर नसेल तर लांबची पाण्याची टाकी, मंदिराचा कळस, काहीही चालेल, पण निदान अर्धा-एक किलोमीटर लांबचं हवं. आणि ज्या बाजूला सूर्य आहे तिकडे अजिबात नाही.

झाकणाचं पण सांगून ठेवतो. पुढच्या मोठ्या झाकणात बऱ्याचदा मधे एक छोटं झाकण असतं आणि लोक तेवढंच काढतात. मग 70 मिलिमीटरच्या भिंगातलं इवलंसं भोकच वापरात येतं आणि सगळं अंधारं दिसतं. रात्री बघताना अख्खं झाकण काढायचं.

फोकस होत नाही, उलटं दिसतं

मागे जो कोनात वाकलेला तुकडा येतो, डायगोनल, तो न लावता आयपीस थेट नळीत घातला तर बऱ्याच दुर्बिणींचा फोकस जुळतच नाही, कारण मागची नळी तेवढी बाहेर येत नाही. क्रम असा, नळी, डायगोनल, आयपीस. फोकसचं चाक फिरतंय पण नळी हलत नाहीये असं झालं तर तिथला छोटा लॉकचा स्क्रू बघा, तो घट्ट राहिलेला असतो. चाक हळूहळू फिरवा, कारण घाईत बरोबर जागा कधी निघून गेली कळतच नाही. तारा दिसत असेल तर तो जास्तीत जास्त बारीक टिंबासारखा होईपर्यंत फिरवायचं. तारा मोठा गोल दिसतोय म्हणजे जवळून दिसतोय असं नाही, तो फोकसच्या बाहेर आहे. तारे कितीही पट केलं तरी टिंबच राहतात.

90 अंशाच्या डायगोनलमुळे डावं-उजवं उलटं दिसतं आणि पुढच्या भिंगामुळे चंद्राच्या किंवा गुरूच्या कडेला जांभळट झाक येते, दोन्ही नॉर्मल आहे, दुर्बीण परत करायला धावू नका.

स्टँड

स्वस्त दुर्बिणीत पैसे वाचवलेले असतात ते इथेच. पाय पूर्ण लांब केले की साध्या वाऱ्यानं पण चित्र थरथरतं. पाय आत घ्या, दुर्बीण खाली आणा आणि स्टुलावर बसून बघा, आणि मधल्या ट्रेखाली पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून टांगा. नळीवर हलकी टिचकी मारून बघा, थरथर दोन-तीन सेकंदांत थांबली तर चाललं.

इक्वेटोरियल, म्हणजे तिरक्या अक्षावर फिरणारा स्टँड आला असेल तर त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे करावा लागतो, आणि ध्रुव आपल्याकडे बराच खाली असतो, पुण्यातून क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंश, नागपुरातून 21. म्हणजे उत्तरेला समोर बिल्डिंग असेल तर दिसणारच नाही. तेव्हा स्टँडवरच्या स्केलवर आपल्या गावाचा अक्षांश लावा आणि होकायंत्रानं उत्तर धरा, डोळ्यांनी बघायला एवढं पुरतं. साधा वर-खाली डावा-उजवा फिरणारा स्टँड असेल तर हा प्रश्नच नाही, आणि खरं सांगायचं तर नवीन माणसाला तोच बरा.

खिडकीतून, आणि तापलेल्या गच्चीवरून

बंद खिडकीच्या काचेतून बघू नका, ती काच भिंगासारखी घासलेली नसते. उघडी खिडकी पण फारशी कामाची नाही, आतली-बाहेरची हवा तिथे मिसळत असते आणि ग्रह उकळत्या पाण्यात असल्यासारखा दिसतो. गच्चीवर जा, पण उन्हाळ्यात स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि संध्याकाळभर गरम हवा वर सोडत राहतो, त्यामुळे सातपेक्षा दहा वाजता चित्र चांगलं मिळतं. दुर्बीण अर्धा तास आधीच बाहेर काढून ठेवायची म्हणजे नळी आणि भिंग बाहेरच्या हवेइतकं गार होतं.

पौर्णिमेचा चंद्र

सगळे पौर्णिमेला दुर्बीण लावतात आणि त्याच दिवशी चंद्र सगळ्यात सपाट दिसतो, कारण ऊन समोरून पडतं आणि सावल्याच नसतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघा आणि शुक्ल पंचमी ते दशमी धरा. उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या रेषेवर विवरांच्या कडा अशा उठून दिसतात की हात लावावासा वाटतो. दशमीच्या आसपास कोपर्निकस नावाचं विवर बघाच, जवळपास 93 किलोमीटर रुंद, आतल्या भिंती पायऱ्यांसारख्या.

शनीची कडी 28 पटीत पण कळते, 70 पटीत छान. मार्च 2025 मध्ये ती आपल्याला बरोबर कडेवरून दिसत होती म्हणून त्या सुमारास बघणारे नाराज झाले, पण आता वर्षागणिक परत उघडत जातील.

तेजोमेघ (नेब्युला) आणि दीर्घिका (गॅलेक्सी) मात्र फोटोसारख्या रंगीत दिसणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला जो तेजोमेघ आहे तो धुरकट राखाडी पंख्यासारखा दिसतो. डोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या, मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावा आणि थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवा, मग तो पसरत जातो. कृत्तिका 25 च्या आयपीसमध्येच बघायच्या, 10 चा लावला तर पुंजका मावत नाही.

सूर्य

यात तडजोड नाही. दुर्बिणीतून किंवा फाइंडरमधून सूर्याकडे क्षणभर जरी बघितलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि डोळ्यातल्या पडद्याला दुखतही नाही त्यामुळे तेव्हा कळत पण नाही. आयपीसला लावायची छोटी काळी काच सोबत आली असेल तर ती फोडून फेकून द्या, सगळी उष्णता तिच्यावरच एकवटते आणि ती तडकते. फिल्टर हवा तो खास सूर्यासाठी बनवलेला, नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा, आणि तेव्हाही फाइंडर काढून ठेवायचा. दिवसा दुर्बीण उघडी ठेवून मुलांना एकटं सोडू नका.

पावसाळा

आपल्याकडे दुर्बिणी खराब होतात त्या जून ते सप्टेंबर कपाटात, दमट हवेत भिंगावर बुरशी धरून. वापरल्यावर दव असेल तर पुसू नका, खोलीत तशीच उघडी सुकू द्या, मग झाकण. हवाबंद डब्यात आयपीस आणि सिलिका जेल, महिन्यातून एकदा जेल गरम करून सुकवायचं. धूळ असेल तर ब्लोअरनं उडवा, शर्टाच्या टोकानं नाही, आणि पुढचं भिंग उघडायच्या भानगडीत पडूच नका, आतल्या दोन काचा परत तशाच बसवणं घरी जमत नाही.

एवढं करूनही अडलं तर दुर्बीण उचलून जाणकारांकडे घेऊन जा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, मुंबईकडे खगोल मंडळ आहे. तिथली माणसं स्वतः वर्षानुवर्षं आभाळ बघतायत, तुमचा फाइंडर ते बोलता बोलता लावून देतील.