'आकस' हा शब्द नेमका कधी वापरायचा

राग, द्वेष, खुन्नस, आकस हे सगळं बऱ्याच जणांना एकच वाटतं आणि मग कोणी जरा कडक वागलं की लगेच 'त्याने आकसापोटी केलं' असं लिहून मोकळे होतात. मला ते फार खटकतं, कारण आकस म्हटलं की आपण थेट समोरच्याच्या हेतूवर बोट ठेवतो.

समजा ऑफिसात पाच जणांनी रजेचे अर्ज दिले. साहेबांनी चार त्याच दिवशी मंजूर केले आणि पाचव्याचा आधी 'कारण नीट लिहा' म्हणून परत, मग 'तारीख चुकली' म्हणून परत, मग टेबलावर तसाच पडून. आवाज चढला नाही, एक वाकडा शब्द नाही, सगळं नियमात बसतंय. पण सहा महिन्यांपूर्वी मीटिंगमध्ये याने साहेबांची चूक सगळ्यांसमोर दाखवली होती आणि ती ते विसरलेले नाहीत. हा आकस. साहेब तेव्हाच ओरडले असते तर तो राग, आला आणि गेला. खुन्नस उघड असते, नजरेतच कळते. हेवा दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून वाटतो. 'डूख धरणे' मात्र आकसाच्या खूप जवळचं, फक्त त्यात डाव साधायची वाट बघणं जास्त येतं.

शब्द पुल्लिंगी, तो आकस. आकस असतो, आकस धरतात, मनात ठेवतात. 'माझा द्वेष करतो' चालतं म्हणून 'माझा आकस करतो' लिहू नका, कानाला बरं लागत नाही, 'माझ्याबद्दल आकस आहे' म्हणा. पुढे आकसाने, आकसापोटी. पेपरात 'राजकीय आकसापोटी कारवाई' तर नेहमीच वाचतो आपण. आणि कापड धुतल्यावर आकसतं ते 'आकसणे' वेगळं, त्यामुळे 'तो माझ्यावर आकसलाय' हे चूक.

तक्रार अर्जात हा शब्द घालायचा असेल तर आधी मागचा प्रसंग तारखेसकट लिहा आणि मग 'तेव्हापासून माझ्याबद्दल मनात आकस धरून माझे अर्ज अडवले जात आहेत' असं लिहा. मागचं काहीच दाखवता येत नसेल तर 'चौघांचे अर्ज मंजूर झाले, फक्त माझा अडवला' एवढंच पुरे.