लाइनवरची दातदुखी ओळखायची कशी

ताप आला की माणूस सुट्टी टाकतो. दाढ ठणकत असली की मात्र गोळी घेऊन कामावर येतो. म्हणून दातदुखी हजेरीत सापडत नाही, ती रिवर्कच्या, म्हणजे चुकून परत दुरुस्तीला आलेल्या कामाच्या, ट्रेमध्ये सापडते. चाकणला वायर हार्नेसच्या, म्हणजे वायरींची जुडगी बांधायच्या, लाइनवर मी लीडर आहे. आमचं काम बारीक, वायरी रंगीबेरंगी. रात्रभर डोळा न लागलेली बाई पिवळीच्या जागी पांढरी वायर खोचते, आणि सगळे म्हणतात, हिचं लक्ष नाही.

तर आधी जेवणाच्या सुट्टीत बघा. कोण एकाच बाजूने चावतंय, कोण भाकरी आमटीत पार कुस्करून खातंय, कोण थंड पाणी टाळतंय. मग बाजूला घेऊन दोनच गोष्टी विचारा, चारचौघींत नको: थंड लागल्यावर कळ लगेच जाते की रेंगाळते? आडवं झालं की ठणका वाढतो का?

कळ लगेच जात असेल तर साप्ताहिक सुट्टीला दाखवलं तरी चालतं. रेंगाळत असेल, झोपमोड होत असेल, तर आतली नस सुजलेली असू शकते. याच आठवड्यात डॉक्टर. गाल सुजलाय, ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळता येत नाही, तर कामाची पाळी संपायची वाट बघू नका.

तोवर कोमट मिठाच्या गुळण्या. हिरडीवर गोळी दाबून ठेवायची नाही, तिथलं कातडं भाजतं. घरात उरलेल्या अँटिबायोटिकने कीड जात नाही. आणि मिश्री! ‘लावली की बरं वाटतं’ हे मी रोज ऐकते. तो तंबाखूच आहे, हिरड्या खातो, कॅन्सरही करतो.

पगारातून ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, 0.75 टक्के कापले जातात, मग दवाखाना वापरा की. त्यातला आजारपणाचा भत्ता पगाराच्या 70 टक्के असला तरी पहिले दोन दिवस सहसा त्यात धरत नाहीत, त्यामुळे दातासाठी तो फारसा कामाचा नाही. त्यापेक्षा पाळी बदलून द्या. बधिर करायचं इंजेक्शन घेऊन कोणी परत आलीच, तर भूल उतरेपर्यंत गरम चहा देऊ नका. ओठ भाजला, चावला तरी कळत नाही.

रूट कॅनॉलला बऱ्याचदा दोन-तीन फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीतच ठणका थांबतो आणि पुढच्या तारखा हमखास बुडतात. म्हणून त्या तारखा मी पाळीच्या तक्त्यावर आधीच धरून ठेवते.