आरएक्स-7चा एअर पंप काढताय? आधी हे बघा
1989 ते 1991च्या टर्बो नसलेल्या माझदा आरएक्स-7मधला बेल्टवरचा एअर पंप फक्त एक्झॉस्टला हवा देतो, असं समजून काढून टाकू नका. त्याच हवेच्या दाबावर रोटरी इंजिनाचे पाचवे आणि सहावे इनटेक पोर्ट (हवा आत घेणारी तोंडं) उघडतात. दाब गेला की ते बंदच राहतात आणि वरच्या आरपीएमला गाडी दमते.

त्या जागी 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर चालतो, टायरमध्ये हवा भरायचा असतो तसा. पण थेट जोडू नका! हे पोर्ट उघडणाऱ्या ॲक्च्युएटरला जेमतेम काही पीएसआय दाब पुरतो, जास्त दाबाने आतला पडदा फाटतो. मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर हवाच. छोटी टाकी आणि प्रेशर स्विच लावला तर कॉम्प्रेसर सतत चालून तापत नाही. वायर रिलेवरून घ्या, बॅटरीजवळ फ्यूज टाका. मूळ सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) मात्र काढू नका, हवा कधी सोडायची ते त्यांच्याकडूनच होतं.

नळीतून हलका दाब देऊन ॲक्च्युएटरची दांडी बघा. सरकून परत यायला हवी. अडकली तर बहुधा पोर्टच्या झडपेवर काजळी धरलेली असते, ती आधी साफ करा.

एक्झॉस्टमधला धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला लागते तेवढी हवा हा कॉम्प्रेसर देऊ शकत नाही. प्रदूषण चाचणी द्यावी लागत असेल तर मूळ पंपच ठेवा.