आईचा गुडघा बदलायचाय? आधी टाचा बघा

गुडघा बदलायचं ठरलं की घरात वाद सुरू होतो तो इम्पोर्टेड की देशी, रोबोटने की साध्या पद्धतीने, याचा. ते सर्जनवर सोडा. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून अंदाज निघाला, की पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. सत्तरीतल्या आईला तेवढे पुष्कळ झाले. काळजी करायची ती जंतुसंसर्गाची. तो शंभरात एखाद-दुसऱ्यालाच होतो, पण झाला तर धातूवर जंतूंचा थर धरतो, तिथे औषध नीट पोचत नाही, आणि कित्येकदा बसवलेला गुडघा काढावा लागतो. त्याला अडवायचं बरंचसं काम घरात, तारखेच्या आधी होतं.

म्हणून महिनाभर आधी आईला खिडकीजवळ बसवून तिचे पाय उजेडात बघा. टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, नखाच्या कडेला धरलेला पू, डास चावल्यावर खाजवून काढलेली खपली. तिच्या लेखी हे काहीच नसतं. सर्जन मात्र नेमकं हेच बघून ऐन दिवशी ऑपरेशन पुढे ढकलतात. भेगांना रोज रात्री व्हॅसलीन लावून मोजे घालायला द्या, चिखल्यांना डॉक्टरांकडून मलम आणा. आणि कुणीही सांगितलं तरी गुडघ्यावर घरी रेझर फिरवू नका. बारीक कापल्या जागेतून जंतू शिरतात. केस काढायचेच असले तर ते हॉस्पिटलवाले मशीनने काढतील.

हलणारा, ठणकणारा दात असेल तर दातांच्या डॉक्टरांकडचं काम आधी उरकून घ्या. लघवीला जळजळ होतेय का हे विचारावं लागतं, बायका आपणहून सांगत नाहीत. मशेरीचंही तेच. ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला आई बिनदिक्कत ‘नाही’ म्हणेल, कारण मशेरी तिच्या हिशेबात दात घासण्यात मोडते. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. किमान चार आठवडे आधी ती बंद हवी, आणि डबी घरातूनच गेलेली बरी.

मधुमेह असेल तर सकाळची साखर बघून समाधान मानू नका, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) तपासा. ती साडेसात-आठ टक्क्यांच्या वर असली तर बरेच सर्जन थांबायला सांगतात, आणि थांबावंच. हिमोग्लोबिन कमी निघालं तर तेही आधी वाढवून घ्यायचं. गेल्या तीन महिन्यांत त्याच गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर न विसरता सांगा. त्यावरून तारीख बदलते.

औषधांची नावं तोंडी सांगत बसू नका, अख्खी पिशवीच भूलतज्ज्ञांपुढे रिकामी करा. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी थांबवायची हे तेच ठरवतील. साखरेच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद करतात, तीही त्यांच्या सांगण्यावरून. गावाकडच्या वैदूची ‘सांधेदुखीची पुडी’ चालू असेल तर ती लपवू नका. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि ते बरेच दिवस पोटात गेलं असेल तर भूल देताना त्यांना ठाऊक असावंच लागतं.

पूर्वी साधं पडून मनगट मोडलं असेल तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा. त्यातला आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर हाडं ठिसूळ झालीत, आणि त्याचे उपचार वेगळे करावे लागतात.

घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची, हातांची उंच खुर्ची आणि वॉकर आधीच आणून ठेवा. वॉकर धरून चालायची सवय ऑपरेशनच्या आधीच करून घ्यायची. पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायचा व्यायाम फिजिओकडून आत्ताच शिकून घ्या, मांडीचे स्नायू तयार असले की उठणं सोपं जातं. पूजेला मांडी घालून बसता येईल का, हेही आधीच विचारून घ्या; उत्तर बहुधा ‘नको’ असेल, मग देवघरापुढे खुर्ची.

मेडिक्लेमची कागदपत्रं वेळेत द्या. बऱ्याच पॉलिसींत सांधेरोपणाला प्रतीक्षा काळ असतो. इम्प्लांटच्या किमतींना सरकारने ऑगस्ट २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे, तेव्हा बिलात ती रक्कम वेगळी दाखवायला सांगताना संकोच करू नका.

जोडवी, बांगड्या, अंगठ्या घरीच काढा. वर्षानुवर्षं रुतलेली जोडवी साबणाच्या पाण्याने हळूहळू निघतात, पण ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला वेळ नसतो. उपाशी राहायची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील. दुधाचा चहा त्यात जेवणातच धरतात, ‘घोटभर’ म्हणून चालत नाही.

इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांत चिकटवलेत ना हे बघा आणि त्यांचा फोटो काढून ठेवा. पुढे कधी तो गुडघा पुन्हा उघडावा लागला तर नवा सर्जन पहिल्यांदा तेच मागेल.